बाबा तुला आणायला गेले होते

प्रिय आई,

आज मी बाबांना तू गेल्याचं सांगून टाकलं. तेही उघड्यावर, चार लोकांत, ओरडून. आता ते आतल्या खोलीत झोपलेत, आणि हे तुझ्याशिवाय कुणाला सांगवत नाही.

तू गेल्यावर पहिले काही महिने त्यांना सगळं नीट कळत होतं गं. मग एका संध्याकाळी चपला शोधायला लागले.

"कुठे निघालात?"

"कुठे म्हणजे? तुझ्या आईला आणायला. कॉलेज सुटलं असेल."

न्हावा शेव्याची ड्युटी संपवून, कंपनीच्या बसमधून उतरून ते तुझ्या कॉलेजवर यायचे ना? वर वर्ग, खाली ऑफिस, आणि ऑफिसात तुझी बोनाफाईडची खिडकी. तुझं आवरेपर्यंत ते जिन्याखालच्या बाकावर बसायचे. पोरं त्यांना शिपाई समजून लेक्चर कुठे आहे ते विचारायची, आणि हे खुशाल कुठेही पाठवायचे! किती हसायचीस तू.

बाकी सगळं विसरले, ती वाट नाही विसरले. गेटवरचे म्हात्रेमामा त्यांना सांगायचे, "मॅडम कवाच गेल्या काका. घरी वाट बगत असतील." बाबा निमूट वळायचे. ती जुनी इमारत उभी होती म्हणून आमचं चाललं होतं, आई.

मग ती धोकादायक ठरली. भोवती पत्रे लागले, पाडकाम सुरू झालं. मी दाराला आतून कुलूप घालायला लागले. बाबा दारावर मुठी आपटायचे. "ती एकटी बसली असेल! तुला काहीच कसं वाटत नाही?"

आज सिलिंडरवाला आला आणि कुलूप उघडं राहिलं. मी धावत पोचले तर बाबा पत्र्यांच्या फटीतून आत शिरून पोकलेनसमोर हात पसरून उभे. "थांबवा! आत माझी बायको आहे!"

ऑपरेटरने घाबरून मशीन बंद केलं. "अंदर कौन है, चाचा?" कामगार ढिगाऱ्याकडे धावले. खरंच शोधायला लागले गं तुला! आणि बाबा हाका मारत होते, "सुमन! अगं, बाहेर ये!"

मला ऐकवेना. मी किंचाळले, "आई नाहीये, बाबा! मेली आई!"

ते त्या सिमेंटच्या धुळीतच बसले. "मला कुणी कळवलं कसं नाही?" एवढंच विचारलं. तुला अग्नी त्यांनीच दिला होता, आई! आज पहिल्यांदा ऐकल्यासारखे रडले. त्यांना हाताला धरून मी रस्त्यावर येईतो मागे मशीन पुन्हा सुरू झालं होतं.

दादा फोनवर म्हणाला, "त्यांना कुठेतरी ठेवूया. तुला झेपणार नाही." खरंच नाही झेपत! या माणसाला समजवायचं कसं, ते तू मला शिकवून का नाही गेलीस?

आत्ता उठलेत. दारात येऊन विचारतायत, "आई अजून आली नाही का गं?"

बघ, सगळं पुसलं गेलंय. उद्या त्यांना कुठे नेऊ, काय सांगू, मला काही सुचत नाही. पण एक शब्द देते. तू गेलीस हे त्यांना माझ्या तोंडून पुन्हा कधी ऐकावं लागणार नाही. या घरात ते मला एकटीला माहीत असू दे.

तुझीच,
मनू