एकेकोच्या अंगावरचं ओझं

सांता क्रूझ,
२ डिसेंबर

ती. बाबांस,
रोसेंदाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, नुसतं ‘काय, काय’ करता, म्हणून हे पत्र बसवाल्या एलियोदोरोकाकांबरोबर पाठवते आहे. आधी भांडण. नोकरी सोडून मी स्वतंत्रपणे घरांचे नकाशे काढायला लागले, तेव्हापासून दर अलासितासच्या जत्रेतून तुम्ही माझ्या एकेकोसाठी स्वतः घडवलेल्या पत्र्याच्या बोटभर वस्तू पाठवता. आधी कॉम्प्युटर, मग हॉटेल, मग दवाखाना, गेल्या वर्षी तर टेलिफोनांची माळ! तो भरभराटीचा मिशाळ प्लास्टरचा देव हात पसरून सगळं अंगावर लटकवून घेतो आणि खरोखरची तेवढी कामं माझ्या दारात आणून टाकतो. मला कुणाला नाही म्हणवत नाही. घास तोंडात असताना फोन, आंघोळीला निघाले की फोन. पाठ धरली, डॉक्टरांनी झापलं. यंदाही चोवीस जानेवारीच्या जत्रेला ला पाझला येणं जमेलसं दिसत नाही. रागावू नका, आणि कृपा करून काही पाठवू नका.

भांडले तरी माया कमी करू नये.
रोसेंदा


ला पाझ,
९ डिसेंबर

चि. रोसेंदास,
अ. उ. आ.

अक्षर मोठं आलंय म्हणून हसू नकोस, डोळे आता एवढंच ओळखतात. एकेकोला बोल लावू नकोस. तो बिचारा लटकवाल ते उचलतो. आपल्या घरात लटकवलं सगळ्यांनी, उतरवलं मात्र कधी कुणी नाही. तुझी आई तर दरवर्षी त्याच्या गळ्यात साखरेचं आणखी एक पोतं अडकवायची आणि वर त्यालाच विचारायची, असा वाकलास का म्हणून.

दुसरं, सांगणार नव्हतो, पण सांगतो. पत्र्याची कड दिसत नाही, बोटं कापतात. जत्रेतला यंदाचा स्टॉल शेवटचा. तुला बोलावत नाही, फक्त कळवतो. सोबत चुन्योची, आपल्या गोठवून वाळवलेल्या बटाट्यांची, पिशवी आहे. शिजवून खा, नुसती बघत बसू नकोस.

वेळेवर जेवणाऱ्या मुलीवर लोभ आहेच, न जेवणारीवरही आहे.
तुझे बाबा


सांता क्रूझ,
५ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून आधी रडले, मग एकेकोला टेबलावर घेऊन बसले. पहिल्यांदा टेलिफोनांची माळ उतरवली. आता सकाळी फक्त नकाशे, फोन जेवणानंतर. सुरुवातीला जीव नुसता कासावीस व्हायचा, वाटायचं सगळी गिऱ्हाईकं पळणार. एकच पळालं, आणि ते तसंही रोज भिंती हलवायला सांगत होतं.

हॉटेल टाकून देववेना. दुसऱ्याच्या हातून आलेली वस्तूच लाभते, हे तुम्हीच शिकवलेलं. म्हणून ते खेळण्यातलं हॉटेल, त्या खऱ्या हॉटेलच्या कटकट्या मालकासकट, योलान्दाला दिलं. माझ्याबरोबर शिकलेली ती, काम शोधून थकली होती. तिने मला घट्ट मिठीच मारली. दवाखाना ठेवलाय, तो मला मनापासून करायचाय. एकेको जरा बोडका दिसतो, पण त्याचं पोट मी पहिल्यांदाच पाहिलं.

एकच अडचण आहे. दवाखाना बांधून घेणाऱ्या डॉक्टरांनी नेमकं चोवीसलाच नकाशे घेऊन भेटायला बोलावलंय. त्यांना नाही म्हणायची अजून छाती होत नाही.

यंदा मला एक वस्तू कराच. पत्र्याची नको, लाकडाची. तुमच्या स्टॉलमागे एक तिपायी स्टूल होतं, त्यावर बसून मी लहानपणी तुमच्या बोटभर घरांची दारं रंगवायची. ते, नखाएवढं चालेल.

हट्ट पुरवावा.
रोसेंदा


ला पाझ,
१२ जानेवारी

चि. रोसेंदास,
अ. उ. आ.

स्टूल झालं, पण ते पार्सलने येणार नाही. एलियोदोरो म्हणतो, एवढं धूड तो बसमध्ये घेणार नाही. जन्मभर मोठ्या वस्तू लहान केल्या गं, म्हटलं ही एक खऱ्या मापाची करावी. माझ्या स्टुलाशेजारी ठेवलंय. घरं बरीच झालीत, दारं रंगवायची राहिलीत. चोवीसला भर दुपारी बाराच्या मुहूर्ताला गिऱ्हाईकांची झुंबड उडेल. डॉक्टरांना काय सांगायचं ते तुझं तू ठरव. मी रुसणार नाही. थोडा रुसेन.

जागा धरून ठेवली आहे.
तुझे बाबा


ला पाझ,
२२ जानेवारी

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

डॉक्टरांना सांगितलं, त्या दिवशी मी नाही. ते म्हणाले, बरं, मग पुढच्या आठवड्यात. एवढंच! इतकी वर्षं मी याला घाबरत होते.

हे पत्र स्टँडवर उतरल्यावर लिहिते आहे. नेहमीप्रमाणे एलियोदोरोकाकाच आणून देतील. वाचत बसू नका. मान वर करून त्यांच्या मागे बघा, आणि रंगाचा डबा उघडा.

तुमची,
रोसेंदा