बारशाआधीचं नाव

आप्पा, तुमच्या नातीला मुलगा झाला. तुम्ही गेलात तेव्हा तिचाच जन्म झालेला नव्हता, म्हणजे तुम्हाला सगळं पहिल्यापासून सांगावं लागेल. मी आता लातूरला असते. क्लासेसच्या भागात घर आहे. खाली आम्ही राहतो आणि वरच्या दोन मजल्यांवर डॉक्टर व्हायला आलेल्या मुली. भोकर, हिमायतनगर, देगलूर, कुठून कुठून येतात. त्यांचं जेवणखाण माझ्याकडे. आई माझ्याजवळच आहे, ऐकायला कमी येतं, बाकी ठणठणीत आहे. लेक नांदेडला दिली आहे, बाळंतपणाला इथे आली. बाळ आणि बाळंतीण दोघंही बरी आहेत. मला आनंद झाला का, असं कुणी विचारलं तर झालाच असणार. दवाखान्यात मी पेढे वाटले, नर्सला साडी दिली, घरी येऊन तीस मुलींच्या पोळ्या लाटल्या.

वरच्या मुलींनी नावांचा धडाका लावला होता. जेवायला खाली आल्या की ताट घ्यायच्या आधी बाळाजवळ जायच्या. रियांश ठेवा, अव्यान ठेवा, कियांश ठेवा. आता प्रत्येकाला दुसऱ्या कुणाचं नसेल असं नाव हवं असतं. वेद, पुराणं, राजांच्या वंशावळी, सगळं लोक मोबाइलवर उपसून काढतात. या मुलींचीच नावं बघा, एकीचं गार्गी, एकीचं लोपामुद्रा, आणि त्यांना कुणी हसत नाही. मला तर म्हणतात, 'काकू, तुमचं नाव किती युनिक आहे, तेव्हा कसं काय सुचलं कुणाला?' मी सांगते, वडील शिक्षक होते.

त्यातच एका दुपारी मी स्वयंपाकघरात डिंक तळत होते आणि लेक बाळाला खांद्यावर घेऊन दारात आली. म्हणाली, "आई, आमचं ठरलं. ह्यांचा फोन आला होता. नचिकेत." डिंक फुलून वर आला होता. मी तो झाऱ्यानं काढला, दुसरा घातला. ती म्हणाली, "यमाला प्रश्न विचारणारा मुलगा होता ना तो? मस्त आहे ना?" मी म्हटलं, मस्त आहे. तिला काहीच माहीत नाही, आप्पा. मी कधी सांगितलंच नव्हतं. माझा एक भाऊ होता एवढंही नाही.

तुमच्या वेळी आपल्या गावात एकेका आळीत चार-चार बालाजी आणि तीन-तीन व्यंकट असायचे. हजेरी घेताना जीभ झोपी जाते, असं तुम्ही म्हणायचा. तुम्ही कुणाचं बाळ बघायला गेलात की नाव सुचवल्याशिवाय उठायचा नाहीत. मांधाता, पुलकेशी, वासवदत्ता. लोक तुमच्या मानाखातर ठेवायचे आणि दुसऱ्या दिवसापासून मोडून टाकायचे. पुलकेशीचा पुलक्या झाला, मांधाताचा मांद्या. "गुरुजी, नाव हाय का मंतर हाय ह्यो?" असं पारावरची माणसं विचारायची आणि तुम्हीही हसायचा. औशाच्या बाजारातला शिंपी, ज्याच्याकडे तुमचे सदरे असायचे, एकदा थट्टेनं म्हणाला, "गुरुजी, हमारी पोट्टी को भी कोई पुराना नाम देव ना." तुम्ही ती थट्टा धरली नाहीत. पुढच्या खेपेला बिल्कीस हे नाव घेऊन गेलात आणि त्याच्या दुकानात उभ्या उभ्या शेबाच्या राणीची गोष्ट सांगितलीत. मी पिशवी धरून शेजारी उभी आहे. तो मशीनवरचा पाय काढून ऐकतो आहे. शेवटी मान हलवून म्हणतो, "राणी है तो रखना पडता." त्यानं ठेवलं.

मला तुम्ही नागनिका केलंत. सातवाहनांची राणी, नाणेघाटात जिचा लेख आहे ती. वर्गातली पोरं नागीण म्हणायची, पुंगी वाजवल्यासारखं करायची. स्कॉलरशिपच्या परीक्षेला आपण लातूरला आलो होतो, तेव्हा शेजारच्या बाकावरच्या मुलीला मी माझं नाव निकिता सांगितलं. तुम्ही खिडकीबाहेर होता आणि तुम्ही ऐकलंत.  परतीच्या एसटीत औसा मागं पडल्यावर तुम्ही म्हणालात, "त्या बाईचं नाव दगडावर दोन हजार वर्षं टिकलं. तुला एक सकाळ टिकवता आलं न्हाई." मी बाहेर बघत बसले. उतरताना तुम्ही माझा हात धरलात. हात धरून उतरायच्या वयाची मी राहिले नव्हते, तरी धरलात, आणि घरापर्यंत सोडला नाहीत.

माझ्यानंतर आईची दोन बाळंतपणं वाया गेली होती. मी दहावीत गेले आणि भाऊ झाला. तुम्ही पहिल्याच दिवशी नाव ठरवून टाकलंत आणि आईनं पहिल्यांदाच तुमच्या नावाला नाही म्हटलं. ती बाजेवर शेक घेत होती, मी बाजेखालच्या शेगडीत ओवा टाकत होते. तुम्ही उंबऱ्यावर बसून गोष्ट सांगितलीत. बापानं रागात मुलाला म्हटलं, तुला यमाला देतो. मुलगा खरंच निघाला. यम घरी नव्हता, तर त्याच्या दारात उपाशी बसून राहिला. आईनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बापानं यमाला दिलेल्या पोराचं नाव माझ्या लेकराला? लई झालं तुमचं पुराण. बालाजी ठिवा, न्हाई तर गणपत ठिवा."

तुम्ही म्हणालात, "अगं, पण तो परत आला की. यमाकडून वर घेऊन घरी आला."

"येऊ द्या न्हाई तर जाऊ द्या. माझ्या पाळण्यात ते नाव न्हाई यायचं."

तेव्हा धोंड्याचा महिना लागलेला, त्यात बारसं नको असं कुणीतरी म्हणालं. तेवढं निमित्त तुम्हा दोघांनाही पुरलं. मग गणपती बसले. गणपतीनंतर पितरपाट, म्हणून दसरा ठरला. दसऱ्यापर्यंत आई ऐकेल असं तुम्हाला वाटत होतं, आणि तिला वाटत होतं तुम्ही ऐकाल. तोवर तो नुसता बाळ होता. रडायचा कमी. पाळण्याच्या दांडीकडे एकटक बघायचा.

गणपती बुडवले त्याच्या दुसऱ्या पहाटेच्या भूकंपाचं मी लिहीत नाही, तुम्ही तिथंच होता. आई परसाकडे गेली होती. आपण दोघं अंगणात झोपलो होतो. पाळणा आत होता, वर मातीचं माळवद. उजाडल्यावरचं मला जास्त आठवतं. आळी कुठली हे कळत नव्हतं. तुम्ही हातानं दगड काढत होता आणि प्रत्येक दगड नीट बाजूला ठेवत होता, रचून, जणू तो परत लावायचा आहे. दुपारी तो सापडला. अंगावर कुठंही लागलेलं नव्हतं, नुसती माती. आईनं पदर ओला करून त्याचं तोंड पुसलं, कान पुसले, मग बोटांच्या बेचक्याही पुसल्या. मी ते सगळं बघितलं आणि मला तहान लागली होती, एवढंच माझ्या मनात होतं.

शाळेच्या पटांगणात तलाठी नावं लिहून घेत होता. ओळखीचाच होता, तुमच्या हाताखाली शिकलेला. त्यानं विचारलं, "गुरुजी, लेकराचं नाव?" तुम्ही त्याच्याकडे बघत राहिलात. त्यानं पुन्हा विचारलं. मग हळू आवाजात म्हणाला, "बारसं झालं नसंल तर नुसतं तान्हं बाळ म्हणून लिवतो, गुरुजी." तेव्हा तुमच्या मागून आई म्हणाली, "नचिकेत." त्याला ते नीट कळलं नाही. आईनं एकेक अक्षर तोडून सांगितलं. तुम्ही वळून तिच्याकडे बघितलंत. ती तुमच्याकडे बघत नव्हती, तलाठ्यानं बरोबर लिहिलं का ते बघत होती. तिला वाचता येत नव्हतं.

त्यानंतर तुम्ही कुणालाही नाव दिलं नाहीत. पत्र्याच्या शेडमध्ये होतो तेव्हाही बाळं होत होती, नवीन गावात तर घरटी होऊ लागली. लोक यायचे. एक म्हातारी नातीला घेऊन आली होती, ती मला दिसते. तुम्ही बाळाच्या डोक्यावरून हात फिरवलात आणि म्हणालात, "तुमाला आवडंल ते ठिवा."  मी अकरावीला लातूरला आले. इथे तेव्हा क्लासेसच्या पाट्या नुकत्या वाढू लागल्या होत्या, आणि हजेरीला माझं नाव आलं की सर थांबून विचारायचे, हे काय आहे. मी सांगायचे. आता टिकवायला काही त्रास होत नव्हता. मला डॉक्टर होता आलं नाही. लग्न झालं. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी तुम्ही शाळेतून घरी आलात, पाणी मागितलंत आणि गेलात. मी पोचले तेव्हा आई म्हणाली, "लई तरास न्हाई झाला." त्या नावाबद्दल तुम्ही दोघं पुन्हा कधी बोललात का, मला माहीत नाही. मी असताना नाही.

तर लेकीनं नाव सांगितलं त्या संध्याकाळी मी आईजवळ गेले. ती बाळाच्या लंगोटांच्या घड्या करत बसली होती. मी तिच्या कानाशी म्हटलं, पोरीनं नाव ठरवलंय. "काय?" मी सांगितलं. तिनं हातातली घडी पूर्ण केली, दुसरी घेतली. मग विचारलं, "तुझ्या पोरीला ठाव हाय का?"

"न्हाई. तू म्हणालीस तर मी दुसरं ठेवायला सांगते. कारण काहीतरी सांगता येईल."

ती उठली. भिंतीला धरत लेकीच्या खोलीत गेली आणि बाजेच्या कडेला बसली. मी दारात उभी राहिले. आई म्हणाली, "पोरी, तुला एक मामा व्हता." आणि सगळं सांगितलं, डाळ निवडावी तसं, घाई न करता. बाज, शेगडी, भांडण, माळवद, तलाठी. लेक माझ्याकडे बघायला लागली. "आई, तू कधीच कसं सांगितलं नाहीस?" तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माझ्या नाही. ती म्हणाली, "आजी, आम्ही नाव बदलतो. आत्ता फोन करते ह्यांना."

"कशापायी?" आई म्हणाली. "त्या लेकरानं कुटं वापरलं ते? एकदाच घेतलं कुणी, त्ये बी मीच, तलाठ्याम्होरं. नवंच हाय अजून. याला वापरू द्या."

बारसं घरीच झालं. नांदेडहून सगळे आले. वरच्या मुली क्लास बुडवून खाली आल्या, फुगे त्यांनीच लावले. आत्यानं वाकून बाळाच्या कानात नाव सांगितलं, तिच्या पाठीवर धपाटे पडले, सगळे हसले. आईनं आत्याला पुन्हा एकदा मोठ्यानं सांगायला लावलं, ऐकू आलं नाही म्हणाली. मला वाटतं तिला आलं होतं. मी घुगऱ्या वाटत होते. आता घरात दिवसभर ते नाव चालू असतं, या खोलीतून त्या खोलीत, जिन्यावरून, फोनवर. मी ऐकते आणि माझी कामं करते. काही वाटेल म्हणून वाट बघते आहे.

आता थांबते. पाकीट आणलेलं नाही आणि ते आणायचंही नाही. एकच सांगायचं होतं, ते आईला मी सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही. ती न्हाणीत गेली की तुम्ही पाळण्याची दोरी हातात घ्यायचा आणि अगदी हळू, 'नचिकेता, ए नचिकेता' अशी हाक मारायचा. मी दाराआड असायचे. तो दांडीवरची नजर काढून तुमच्याकडे बघायचा.