झाले का हात साफ

३ नोव्हेंबर
आज टेंभुर्णीहून जालन्याला आले. एसटीत खिडकी भेटली, बाजूच्या बाईनं सगळ्या रस्त्यानं सुनेची गाऱ्हाणी सांगितली, मजा आली. साक्षरतेच्या वर्गात लिहायला शिकले तव्हापासून माह्यापाशी वही असतीच. नात अक्षता घ्यायला आल्ती. एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत हाय, दोन खोल्या किरायाच्या. पोरीला हात धुवायचा आजार हाय. धू धू धुते, कातडं सोललं. माहा लेक भुजंग म्हणे नाटकं हाय, लगीन झालं की जातील. भर ओट्यावर झापला त्याला. पोट दुखतं तसं डोकं बी दुखतं म्हणलं, तू कोण ठरवणार? दवाखान्याला सोबत म्हणून मीच आले.

५ नोव्हेंबर
दवाखान्यात भरती करत न्हाईत. दर बुधवारी जायचं, तासभर बसायचं, घरी यायचं. डॉक्टर म्याडमनी पोरीला चपलेच्या तळाला हात लावायला लावला अन् न धुता बसवलं. पोरगी नळाकडं पाहत राह्यली, पण बसली. मला म्हणाल्या, आजी, ती विचारल हात साफ झाले का, तर जवाब द्यायचा न्हाई. आपण हो म्हणलं की आजाराला चारा भेटतो. चाऱ्याचं मला बराबर कळतं, जल्म म्हशीत गेला.

१२ नोव्हेंबर
पोरगी विचारते, मी तोंडात सुपारी धरते. आज तिनं न धुतल्या हातानं भाकर खाल्ली. शेजारच्या गोपिकाबाईला गूळ दिला. ती म्हणे, कशाचा गूळ? म्हणलं, तुला काय करायचं, खा.

२० नोव्हेंबर
पोरगी कामावर गेल्ती. दुपारी न्हाणीतून आवाज आला, "आजी, झाले का हात साफ?" सवयीनं गप राह्यले. मंग ध्यानात आलं, घरात मी एकटीच. जाऊन पाह्यलं. न्हाणी कोरडी. साबण ओला.

२१ नोव्हेंबर
आज दहा डाव विचारलं. आवाज अक्षतेचाच. अन् तिनं तर आठ दिवसांत एकदा बी विचारलं न्हाई. तिनं सोडलं ते न्हाणीत बसलं काय? भेव न्हाई, संताप आला. माह्या नातीचा गळा चोरते, सटवे? चपलेनं नळ बडवला.

२३ नोव्हेंबर
सुट्टी. अक्षता न्हाणीत. आतून दोन आवाज विचारून राह्यले, एकच बोलणं, एक पुढं, एक मागं. बाहेर आली तर हात लाल, बोटातून रगत. म्हणाली, आजी, ते माह्या आधी विचारतंय. तीन हप्त्यांची मेहनत गेली. उपाशी हाय ते, म्हणून पोरीला ओढून राह्यलं. उद्या पाहते त्याला.

२४ नोव्हेंबर
ती कामावर गेली तशी आत गेले. म्हणलं, "झाले. साफ झाले. माह्या नातीला सोड." गप झालं. बिलकुल गप.

२६ नोव्हेंबर
त्या दिसापासून पोरीनं उगा हात धुतले न्हाईत, म्याडम खूश. आता महिन्यातून एकदाच यायचं. पोरगी रस्त्यानं हसत आली. माह्या बोटांना काही चिकटलं हाय. कणीक असल. धुतले.

२७ नोव्हेंबर
परत धुतले. कणीक न्हाई ते. कोणाला विचारावं — न्हाई. विचारायचं न्हाई.

२९ नोव्हेंबर
साबण संपला. राखेनं घासले. तोंडातून आपोआप निघतं, झाले का गं साफ. अक्षता गप राहते, डोळ्यात पाणी. शाबास पोरी. जो हो म्हणल त्याच्याकडं जातं. मी म्हणलं, माह्याकडं आलं. हे तिला सांगाया जाते तर तोंडातून तेच — सटवीनं गळा धरला माहा —

३० नोव्हेंबर
हात अजून माहा हाय. लिहून दावते तिला. अक्षते, जवाब देऊ नको. माही आण हाय. मी रडले तरी — तोंड माहं न्हाई — पोरगी दारात उभी — वही वाच आधी, इकडं पाहू नको, वही — तिला माही कीव आली — गप राहा म्हणते ना — ती म्हणून राह्यली, आजी, हो, झा