वासाचा माग

शनिवार, ५ ऑक्टोबर

अखेर घराबाहेर पडले! अमेरिकेत, बॉथेलला येऊन दोन महिने झाले. अंकुर ऑफिसात, सावनी पहिलीच्या वर्गात, आणि डिपेंडंट व्हिसावर मला नोकरी करता येत नाही. म्हणून सॅमन माशांची अंडी उबवतात त्या हॅचरीत व्हॉलंटियर झाले. हिरवं जाकीट, गुडघ्यापर्यंत गमबूट, छातीवर ‘हिमानी’ अशी पट्टी. शिकवायला चक्क मराठी बाई निघाल्या! कांचनकाकू. साताऱ्याच्या, साठीच्या, वीस वर्षं इथे येतायत. त्यांनी ट्रेमधली वाटाण्याएवढी केशरी अंडी दाखवली, मग ती मोठी काचेची खिडकी. तिच्या पलीकडे मासे पाण्याच्या पायऱ्या उड्या मारत चढतात. समुद्रात तीन-चार वर्षं काढून, जन्माच्या ओढ्याचा वास ओळखत परत येतात म्हणे. सावनीला सगळं रंगवून सांगितलं. तिचं उत्तर एवढंच, ‘कूल, मॉम.’

शनिवार, १२ ऑक्टोबर

आज पहिली टूर घेतली. तिसरीची एकवीस मुलं. माझं इंग्रजी दोनदा अडखळलं, पण सॅमनसारखी हवा हुंगत चालून दाखवली तेव्हा सगळी खिदळली. काकूंनी पाठ थोपटली. मुलांसाठी त्या वासाचा खेळ करणार आहेत: डोळे मिटून ओळखायचं, कपडा कुणाचा. सावनीचा एखादा न धुतलेला स्वेटर मागितला. पिवळा दिला.

शनिवार, १९ ऑक्टोबर

सावनीला सोबत नेलं होतं. खिडकीपासून हलेचना. मग म्हणाली, ‘देअर्स अ गर्ल बिहाइंड द फिश.’ मी हसले. काकू हसल्या नाहीत. गुडघ्यांवर बसून त्यांनी सावनीला विचारलं, केवढी आहे ती?

टूर संपल्यावर काच पुसायला घेतली. मुलांच्या हातांचे ठसे रोजचेच. एक काही केल्या पुसला जाईना. नखाने खरवडून पाहिला. तो आतल्या, पाण्याच्या बाजूने होता.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

हॅचरीत कायम नोकरीला असलेल्या डग नावाच्या माणसाला त्या ठशाबद्दल विचारलं. आत शेवाळ धरतं, त्यात काहीही आकार दिसतात, म्हणाला. मग आवाज खाली आणून त्याने सांगितलं, की वीस वर्षांपूर्वी काकूंची सात वर्षांची अंतरा याच ओढ्यात वाहून गेली. सापडलीच नाही.

गाडीत बसून रडले. मग घरी आले.

शनिवार, २६ ऑक्टोबर

ओढ्याचं पाणी आत येतं तिथली जाळी पानांनी तुंबली होती. साफ करायला वाकले तर जाळीला सावनीचा पिवळा स्वेटर बांधलेला. शेजारी छोटे फ्रॉक. विटून पांढरे पडलेले. कितीतरी.

काकू मागेच उभ्या होत्या. चिडल्या नाहीत.

“अंतराच्या कपड्यांना आता वासच उरला नाही गं. वाट कशी सापडणार तिला? लहान मुलीचा वास लागतो.” मग माझा हात धरून म्हणाल्या, “आणि बघ, आलीच ना!”

त्यांचा चेहरा इतका आनंदी होता की —

स्वेटर सोडवून घेऊन आले. परत तिथे जायचं नाही.

सोमवार, २८ ऑक्टोबर

अंकुरला सांगितलं. यार, त्या बाईंना डॉक्टरची गरज आहे, तू कशाला घाबरतेस, म्हणाला. स्वेटर दोनदा धुतला. ओढ्याचा वास जात नाही. बाल्कनीत टाकलाय. बाहेर पाऊस, वाळायचं नाव नाही.

शुक्रवार, १ नोव्हेंबर

काल लक्ष्मीपूजन. दाराशी रांगोळीने पावलं काढली होती. सकाळी त्यांच्या शेजारी ओली पावलं. लहान. सावनीला उभं करून पाहिलं. तिचं पाऊल त्यांहून लहान निघालं.

मग बाल्कनीतून खाली बघितलं. स्वेटर ठिबकतोय. खाली ओढा. हाच पुढे हॅचरीत जातो. म्हणजे चार दिवस मीच तिला इथली वाट —

स्वेटर कचऱ्यात टाकला. उशीर झाला का?

रविवार, ३ नोव्हेंबर

सावनी मागच्या हिरवळीवर खेळत होती. मी गॅस बंद करायला आत आले. पाच मिनिटं. फक्त पाच. परतले तर ती ओढ्याकडून येत होती, नखशिखांत भिजलेली. काय झालं विचारलं.

“काही नाही, आई. पाय घसरला.”

मराठीत. मला आई म्हणाली.

सोमवार, ४ नोव्हेंबर

शाळेत पाठवली नाही. कालपासून घास घेतला नाही. सगळं मराठीत बोलते, आमच्या घरात कुणी वापरत नाही असे शब्द. अंकुर खूश आहे. तिचे बूट तिला होत नाहीत, हे त्याला दिसत नाही.

काकूंचा फोन आला. रडत होत्या. खिडकी रिकामी आहे म्हणाल्या.

“तुझ्याकडे आलीय का? खरं सांग. माझी आहे ती.”

फोन ठेवला. ती दारात उभी राहून ऐकत होती.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

साडेचार. अंधारून आलंय. अंकुर निघालाय, चाळीस मिनिटं लागतील. तोवर लिहीत राहते, नाहीतर ओरडेन. ती सोफ्यावर. माझ्याकडेच बघतेय. पापणी हलत नाही.

दारावर थाप. हळू.

पुन्हा. दाराच्या खालच्या बाजूला, लहान हाताची —

‘मॉम? इट्स मी. आय ॲम सो कोल्ड.’

सावनी. माझी सावनी.

सोफ्यावरची माझ्याआधी उठली. दाराला पाठ लावून उभी आहे. उघडू नकोस आई, म्हणते. मीच तुझी —

‘मॉम, प्लीज’ —

आवाज लांब चाललाय. जिन्याने खाली. ओढ्याकडे. सावनी थांब, मी हिला ढकलून येते, आले, मी आ