गाडीतला वेळ कोणाचा

आबा, तुमच्या पश्चात अस्मादिकांची पदोन्नती झाली. तुम्ही मुकादम होता. मी ठेकेदार आहे, आणि माझ्या नावाची पाटी जव्हारच्या बाजारपेठेत झेरॉक्सच्या दुकानाशेजारी यथाशक्ति प्रतिष्ठेने लटकते. रस्त्यांखालच्या मोऱ्या बांधणे, हे त्या वैभवाचे स्वरूप. खोडाळ्याकडच्या पाड्यावरून बाया-गडी सकाळी माझ्या जीपमध्ये बसतात आणि दीडेक तासाने कामावर उतरतात. उतरल्यावर हजेरी, आणि तिथून दिवस सुरू. या व्यवस्थेत मला कोणतेही तात्त्विक वैगुण्य दिसत नव्हते.

गेल्या आठवड्यात ते दाखवून देण्यात आले. त्यांच्यातली थोरली बाई, जिला सगळे आत्या म्हणतात, तिने मला विचारले, "सायेब, गाडीत बसलो का आमी तुमचे का आमचे?" प्रवास हा कर्माचा पूर्वरंग असून प्रत्यक्ष कर्म नव्हे, असे मी सविस्तर निरूपण केले. तिने शांतपणे ऐकून घेतले. "म्हंजे आमचे," एवढेच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने ड्रायव्हरला जीप शिरपामाळाकडे वळवायला लावली. मी धापा टाकत पोहोचलो, तेव्हा घमेली गाडीत होती आणि मंडळी पर्यटकांच्या शेजारी वारा खात बसली होती. "बसा, सायेब," आत्याने नागलीच्या भाकरीचा तुकडा पुढे केला. "कामावर उतरलो का मंग तुमचे." जीप माझी आहे, याचे मी स्मरण दिले. "तं भाडं घ्या," मागून एक गडी म्हणाला, आणि सगळे हसले. भाकरी मी खाल्ली. अन्नाचा अवमान शास्त्रसंमत नाही.

तिथे बसल्या बसल्या तुम्ही आठवलात. तुमची हजेरी पाड्याच्या वेशीवर होत असे, माणसे ट्रकमध्ये चढण्याआधी. ट्रक घाटात बंद पडला तरी तुमचा दिवस चालू. मी कॉलेजातून अर्थशास्त्राचे ताजे ज्ञान घेऊन घरी आलो आहे. तुम्ही चुलीपाशी बशीत चहा फुंकत आहात. नुसते बसून राहण्याची मजुरी कशी, असे मी विचारतो. तुम्ही बशी खाली ठेवता. "दार ओढलं, शेत सोडलं, पोर शेजारणीकडे ठेवलं. कुणासाठी? माझ्यासाठी. मग तेव्हापासून तो माझ्या कामावर. तुझं पुस्तक संपलं असेल तर मला चहा पिऊ दे."

तथापि, आबा, तुमच्या न्यायाला एक काटेरी बाजू आहे. टेंडरात मोरीला दर आहे, मोरीपर्यंत येणाऱ्याला नाही. जीपमधला वेळ कामात धरला, तर ठेकेदाराला जव्हारलगतचीच माणसे घेणे सोयीचे. मग खोडाळ्याकडे जीप कशाला पाठवायची? हा सिद्धान्त मी तिथे माळावरच मांडला. या वेळी कोणी हसले नाही. "म्हंजे आमाला सोडणार?" आत्याने विचारले. तिच्या हातातली भाकरी तशीच राहिली होती.

नाही, असे मी म्हणालो. त्याला प्रमाण काय, ते मला आजही देता येणार नाही. मोऱ्या सावकाश होतील, नफा कृश होईल, आणि या उदारपणाचे वर्णन मी लोकांत अवश्य करीन. मंगळवारपासून हजेरी पाड्यावर होते. चढणारा प्रत्येक जण माझ्याकडे पाहून घेतो.

परतीच्या वेळेचे मात्र आत्याने विचारले तेव्हा मी म्हणालो, "आमचे आबा परतीचे धरत होते की नाही, आठवत नाही. आठवून सांगतो." तेच तुम्हाला विचारावे म्हणून हे पत्र लिहायला घेतले, असे मी इतका वेळ स्वतःला सांगत आहे. विचारण्यासारखे त्यात काही नाही. संध्याकाळी पाड्यावर शेवटचा माणूस ट्रकमधून खाली उतरला, की मगच तुम्ही "सुटी" म्हणत होता. मला चांगले आठवते.