पाठीचं माप

३ मार्च, सोमवार

दात हलतोय! खालचा, पुढचा. दुपारी शेवटचं काज संपवून सवयीनं दोरा दातांनी तोडायला गेलो, तर दोरा जागच्या जागी आणि दात डुगडुगला. हिला सांगितलं. ही म्हणाली, "कात्री काय शोभेला ठेवलीय?" बायकोच्या जिभेला माझ्या कात्रीपेक्षा जास्त धार आहे!

पुढच्या महिन्यात लग्नाला चाळीस वर्षं होतील. दोघांचा फोटो काढायचाय, भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोशेजारी लावायला. त्या फोटोत मी हिच्याहून दोन बोटं उंच आणि तोंडभर दात. नव्यात काय बोळकं दाखवत उभा राहू?

५ मार्च, बुधवार

दातांच्या डॉक्टरणीकडे गेलो. शाळेत होती तेव्हा तिचे गणवेश मीच शिवायचो. माप घेताना एक क्षण स्थिर उभी राहायची नाही पोर. आज मला म्हणते, "काका, अजिबात हलू नका." एका यंत्रात हनुवटी टेकवून उभा राहिलो, ते डोक्याभोवती फिरलं आणि अख्ख्या जबड्याचा फोटो निघाला.

दात काढावाच लागणार. नवा बसवता येईल, पण — आणि ती पडद्यावर खालच्या जबड्याची कड दाखवायला लागली. "इथं जाड पांढरी रेघ हवी. तुमची पातळ आहे, आतून कुरतडल्यासारखी." म्हटलं, म्हणजे अस्तर विरलंय! हसली. मग गंभीरपणे म्हणाली, "नुसत्या या फोटोवरून काही ठरत नाही, शंका येते फक्त. हाडांची घनता मोजून घ्या. कण्याची आणि खुब्याची." आणि वर, "काका, उंची कमी झालीय का हो?"

मला विचारते! एक दीडशहाणं गिऱ्हाईक एकदा दुकानात हिच्याकडे बघून मला म्हणालं होतं, "बाई तुमच्यापेक्षा उंच दिसतात." त्याचा सूट मी आठ दिवस उशिरानं दिला.

चिठ्ठी घेतली, खिशात टाकली. हाडं ठिसूळ होणं हे बायकांचं दुखणं. आमचा बाणा वेगळा. मोडेन पण वाकणार नाही!

६ मार्च, गुरुवार

माझा लांब कोट पुन्हा लोंबतोय. गेल्या हिवाळ्यातच आखूड केला होता. कापडवाल्याशी भांडून आलो. तो म्हणतो, "साऱ्या जगाचं कापड धुतल्यावर आटतं, तुमचंच वाढतं कसं?" उत्तर सुचलं नाही म्हणून आणखी भांडलो. घरी येऊन खालची दुमड वाढवली.

८ मार्च, शनिवार

आज हसू येत नाहीये. दुकानात ही बटणांचा डबा निवडत होती आणि मी मान वर करून पाहिलं. खांदे पुढे आलेले, मान आत, पाठीला बाक. एवढी वर्षं हिच्या कोटाची पाठ मी लांब बेततो, पुढचा भाग आखूड. वाकलेल्या माणसाला तसंच बेतावं लागतं. हात आपोआप तसे चालतात, पण हा बाक आला कुठून, हे कधी मनातच आलं नाही. शाळेत हिला जिराफ म्हणायचे!

हिची आई न्हाणीघरात घसरली आणि खुबा मोडला. त्यानंतर ती अंथरुणातून उठली नाही. मी पाहिलंय ते सगळं. भीती वाटते. लिहून टाकतो म्हणजे झालं — हिच्याशिवाय मला दुकानाचं कुलूपसुद्धा उघडता येणार नाही.

डॉक्टरणीची चिठ्ठी चुकीच्या माणसाच्या खिशात आलीय.

९ मार्च, रविवार

लेकीचा फोन. "बाबा, आई परवा आली होती ना, तिच्या नव्या कोटाची पाठ फुगते. माप चुकलं का?"

माप चुकलं? माझं? फोन हिच्या हातात दिला आणि आत जाऊन बसलो. घरची पोरगी उठून शिंप्याला माप शिकवते!

११ मार्च, मंगळवार

हिला तपासणीला चल म्हटलं. ही म्हणते, "चिठ्ठीवर नाव कुणाचं आहे?" म्हटलं, नावाचं सोड. म्हणते, "दात तुमचा, जबडा तुमचा आणि टेबलावर झोपू मी?" आईची आठवण काढली तेव्हा हातातलं काम बाजूला ठेवलं हिनं. म्हणाली, "तुम्ही करून घ्याल तर मी करून घेईन. आधी तुम्ही."

संध्याकाळी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आईचा खुबा मोडलेला, वय साठीच्या पुढे, बाईंनी करून घ्यावीच. मग माझ्याकडे वळून, "आणि तुम्ही दम्यासाठी कितीतरी वर्षं त्या स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्यात, तुम्हीही." बरं बाबा! हिला सोबत म्हणून झोपेन मीही.

१४ मार्च, शुक्रवार

झाली तपासणी. एवढंच? गादीच्या टेबलावर उताणं झोपायचं, पायांखाली एक ठोकळा, वरून एक दांडी सावकाश सरकत जाते. सुई नाही, दुखणं नाही. मी इस्त्रीच्या टेबलावरच्या पँटसारखा पडून राहिलो. तपासणाऱ्या बाईंना दांडी वाकडी चालतेय असं सांगितलं, तर म्हणाल्या, "आजोबा, बोलू नका." आजोबा! बाहेर आल्यावर ही हसून हसून बेजार.

नंतर दोघांची उंची मोजली. माझी मोजणाऱ्यानं दोनदा मोजली. त्याची पट्टी बरोबर नसावी.

१७ मार्च, सोमवार

उद्या कळेल. जेवण गेलं नाही. एका शर्टाला दोन्ही डाव्या बाह्या लावल्या.

१८ मार्च, मंगळवार

हिची हाडं दणकट! डॉक्टर म्हणाले, "बाई, या वयाला अशी हाडं फार कमी जणांची बघतो. कणा तर अगदी सरळ." मला इतका आनंद झाला की टेबलावर थाप मारली. ते पुढे काहीतरी बोलत होते, मी ऐकतच नव्हतो, हिच्याकडे बघून हसत होतो. ही हसत नव्हती. मग कळलं, डॉक्टर माझ्याबद्दल बोलताहेत.

कण्यातले दोन मणके दबलेत. जुने. खुब्याचं हाडही विरळ. "कधी पाठीत कळ आली होती का जोरात?" आली होती की. कापडाचा तागा उचलताना. उसण भरली म्हणून पंधरा दिवस तेल चोळून घेतलं, बाम लावला, सगळ्यांवर खेकसलो. ती उसण नव्हतीच. मणका मोडला होता आणि मी बाम लावत होतो!

उंची दोन इंचांहून जास्त कमी झालीय. म्हणजे कोट वाढला नव्हता. मीच आटलो.

येताना कापडवाल्याकडे गेलो आणि कान धरून माफी मागितली. त्याला कळेचना कशाची, पण चहा पाजला बिचाऱ्यानं.

२० मार्च, गुरुवार

दात काढला. दोन्ही डॉक्टर आपसात बोलले — आधी तोंडातलं काम उरकायचं, जखम भरू द्यायची, मग हाडांचं औषध सुरू. त्या औषधावर असताना दात काढला तर क्वचित जबड्याला त्रास होतो म्हणे. नव्या दाताचं नंतर बघू, तोवर काढता-घालता येईल असा एक लावून देणार आहे. गणवेशात चुळबुळ करणारी पोर, पण हात हलका आहे हो तिचा!

तागे उचलायचे नाहीत, रोज चालायचं, पडायचं नाही. शेवटचं कोण मुद्दाम करतं? हिनं न्हाणीघरात खरखरीत चटई टाकली आणि दोरा तोडायला गळ्यात कात्री अडकवली माझ्या. जीव ओवाळून टाकावासा वाटतो या बाईवरून, पण तसं बोललो तर डोक्यावर बसेल.

२३ मार्च, रविवार

एक गोष्ट मात्र खटकतेय. हिचा कणा सरळ आहे, तर बाक कुठून आला?

विचारलं. म्हणाली, "सवय." मग लेकीला फोन केला. ती म्हणाली, "कसला बाक? आई माझ्याकडे येते तेव्हा ताठ चालते. दाराच्या चौकटीला डोकं लागेल की काय असं वाटतं." हिला परत विचारलं. ताकास तूर लावू देत नाही. "भाजी करपेल," म्हणून उठून गेली.

२५ मार्च, मंगळवार

फोटोसाठी हिचा नवा कोट बेतायला घेतला. टेप मानेवर धरला आणि थांबलो. ही पाठमोरीच म्हणाली, "त्या गिऱ्हाइकानं म्हटलं तेव्हा तुम्ही दोन दिवस आरशासमोर गेला नव्हता. भांग न पाडता दुकानात जात होता." मी टेप गुंडाळला आणि परत उलगडला. मग ती म्हणाली, "आता राहू का सरळ उभी? मान दुखते हो."

राहा म्हटलं.

राहिली. टेप लावायला मला पाटावर चढावं लागलं. पाठ सरळ बेतली.