एकेचाळीस वेळा 'दे इकडे'

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

तुझा खोकला कसा आहे? औषध घेतेस की बाटलीकडे नुसती बघतेस? आमचं बरं चाललंय, म्हणजे तुझे भावजी गप्प आहेत आणि मी बोलतेय.

झालं असं, शिवणवर्गाच्या मोठ्या बाईंनी फर्मान काढलं, की प्रत्येकीने आपला एक तास फोनमध्ये भरून घ्यायचा, घरी ऐकायचा आणि आपलं काय चुकतं ते वहीत लिहायचं. (मी ठेवणीतले कपडे घालून, पावडर लावून गेले. फक्त आवाज भरला जातो, हे भावजींनी संध्याकाळी सांगितलं.) वीस वर्षं शिकवतेय, माझं काय चुकणार, अशा तोऱ्यात ऐकायला बसले. आणि काय सांगू, तासाभरात मी एकेचाळीस वेळा 'दे इकडे' म्हणाले! कुणाची शिलाई जरा वाकडी गेली, दे इकडे. कुणी कात्री धरून विचार करायला लागली, दे इकडे. पुढे नुसती माझ्या मशीनची खडखड. भावजी म्हणाले, "वर्ग झकास चाललाय, पण शिकतंय कोण?" दोन दिवस बोलले नाही त्यांच्याशी.

मग टाचणी आठवली. (ओठांत सदा टाचण्या धरून बसायची, म्हणून हे नाव. बोलत नाही तीही त्यामुळेच, अशी माझी समजूत.) पोरगी वर्गात पहिली आली, कपड्यांच्या कारखान्यात लागली आणि पहिल्याच दिवशी घरी परत आली. शर्टाला कॉलर लावता येईना. मी चारचौघींत म्हणाले, लक्षच नसायचं हिचं. अगं, तिच्या परीक्षेच्या शर्टाची कॉलर मीच लावली होती! तिच्या हातातून काढून घेऊन, मायेने.

मला कुणी शिकवलं होतं? आईच्या जुनेरावर चुकत, उसवत शिकले मी. नेमकं ते उसवणंच मी या मुलींना करू दिलं नाही. वहीत एवढंच लिहिलं आणि खूप रडले. मग टाचणीच्या घरी जाऊन माफी मागितली, परत ये म्हटलं.

तुझी,
ताई

ता. क. : ती सोमवारपासून येणार आहे. अट एकच, तिची कॉलर लागेपर्यंत मी वर्गाबाहेर पायरीवर बसायचं. मी हो म्हटलंय.

ता. क. आणखी एक : आठवडाभर येशील का गं? वर्गात तुझं काही काम नाही. पायरीवर माझ्याशेजारी बसायचंय. आत तिची मशीन अडखळली, की मला एकटीला बसवणार नाही.